घंटा आणि ब्रेक

"ब्रेक स्पंजासारखा दबतोय, म्हणजे नळीत हवा शिरलीय," हे गाडीखालून म्हणाले. "ती काढल्याशिवाय नातीच्या बारशाला घाट उतरायचा नाही. तू पेडल दाबून धरलंस की मोठ्यानं सांग."

हे विसरले होते. चातुर्मासात दुपारपर्यंत माझं मौन असतं. मी देवघरातली घंटा आणली. पेडल दाबून धरलं की ती एकदा वाजवायची. मग हे चाकाजवळचा स्क्रू सैल करून बाटलीत हवा सोडत, पुन्हा आवळत आणि "सोड" म्हणत.

चौथ्या चाकाला बुडबुडे थांबले, नुसतं तेल आलं. पेडल पायाला घट्ट लागलं. मी घंटा वाजवतच राहिले.

शेजारच्या माई ओंजळ पुढे करून आल्या. "आज आरती उशिरा?"

"आरती नाही, माई, ब्रेक लागला!" हे हसले. "संध्याकाळी घुगऱ्या आणतो बारशाच्या."