खाडीकडचा पडदा

बयाबाईच्या पोल्ट्रीचा खाडीकडचा गोणपाटाचा पडदा सोसायटीचे सचिव राजवर्धन मोहिते यांनी स्वतःच्या हाताने खाली सोडला. मे महिन्यातली दुपार होती. शेडच्या दुसऱ्या अंगाला, कुंपणाला लागूनच, नव्या सभागृहाच्या उद्घाटनाचा मांडव उभा होता. खाडीवरचा वारा शेडमधून कोंबड्यांचा वास घेऊन प्रमुख पाहुण्यांच्या नाकाशी जाणे संस्थेच्या प्रतिष्ठेला परवडणारे नव्हते.

“दोनच तास, मावशी.”

“दोन तासांत निम्म्या मरतील, सायेब. वारा बंद झाला की आंगातली गरमी आंगातच ऱ्हाते.”

“मग पाणी शिंपडा.”

“कोंडल्या हवेत पानी मारलं तर वाफच व्हते. अजून शिजतील.”

“पडदा वर दिसला तर उद्या सगळ्या सोसायटीच्या सह्यांचा अर्ज जाईल. शेडला टाळं लागेल. आणि वारा काय तुमच्या मालकीचा नाही.”

आवाज न चढवता धमकी देण्याइतके शिक्षण मोहित्यांनी घेतलेले होते. ते गेले.

बयाबाई आत येरझाऱ्या घालू लागली. कोंबडीला घाम येत नाही. पंख अंगापासून सुटे धरून, चोच उघडी ठेवून ती वाऱ्याची वाट पाहते. तो मिळाला नाही, तर तक्रार न करता मरते. निसर्गाने ही व्यवस्था लावली तेव्हा सहकारी गृहनिर्माण संस्था त्याच्या ध्यानात नसाव्यात. मधल्या भागातला कलकलाट आधी थांबला. बयाबाईला भीती होती ती याच शांततेची. तिने एक कोंबडी उचलली. मान मनगटावरून लोंबली.

तिने पडद्याची दोरी धरली. सोडली. पुन्हा धरली. मग तशीच वळून ती शेडच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि मांडवाकडचे दार तिने सताड उघडले. मांडवातल्या उभ्या पंख्यांची झुळूक आत शिरली. दाराजवळची कोंबडी जड पायांनी निघाली. तिच्यामागून बाकीच्या. कुंपणाच्या तारा माणसांना अडवण्यापुरत्याच होत्या.

लाऊडस्पीकरवरचे स्वागतपर भाषण मध्येच तुटले. मोहिते धावत आले.

“मावशी, काय ठरलं होतं आपलं?”

“पडदा खालीच हाय, सायेब. वारा जिथं हाय, तिथं त्या गेल्या.”

मांडवात कोचासमोरच्या पंख्यापुढे कोंबड्या पंख पसरून, चोची उघडून बसल्या होत्या. प्रमुख पाहुण्यांनी दोन्ही पाय कोचावर घेतले होते. कुंपणाखालून आणखी येतच होत्या.