मालक म्हणून कंपनी

"समुद्राकडचं बघितलं. आता इस्पितळाकडचं दाखवा," असं म्हणून बाई जिना उतरायलाही लागल्या.

सल्लागार घाईने मागे निघाला. परदेशी माणसांना इथे घरं शोधून द्यायची आणि कंपन्या काढून द्यायच्या, हे त्याचं काम. समुद्राकडच्या घराच्या गॅलरीत उभं राहिलं की भलेभले विरघळतात, असा त्याचा अनुभव होता. बाई गॅलरीत गेल्याच नव्हत्या.

दुसरं घर इस्पितळाच्या मागच्या फाटकासमोर होतं. दुसरा मजला, एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर. बाईंनी नळ सोडून पाहिला, खिडकीची कडी तीनदा लावली, काढली आणि हेच घ्यायचं म्हणून सांगितलं. समुद्राकडे लोक दोन महिने येतात, इस्पितळाकडे बारा महिने. सल्लागाराला हे बिनतोड वाटलं.

बाईंनी तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना चालवला होता. नवरा गेल्यावरही एकटीने वाढवला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी चांगला चालू असताना विकला. आता या परक्या देशात घर घ्यायचं आणि आपल्या गावी बसून ते चार-आठ दिवसांच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सोबत आलेल्या धाकट्या बहिणीच्या मते त्यांचं डोकं फिरलं होतं. विमानात तिने हे दोनदा बोलूनही दाखवलं होतं.

इथल्या कायद्याने देशाबाहेर राहणाऱ्या माणसाला असं घर स्वतःच्या नावावर चालवता येत नसे. इथे नोंदलेली कंपनी मात्र चालवू शकत होती, मग तिचा मालक कुठेही राहत असो. फक्त एक संचालक इथला रहिवासी हवा.

"म्हणजे जाहिरातीत, पावतीवर, दारावर, सगळीकडे कंपनीचंच नाव?" बाईंनी विचारलं.

"कंपनीचंच."

"मग उत्तम."

इथला संचालक व्हायला सल्लागारच तयार झाला. बाईंनी करारात स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली, की आपल्या सहीशिवाय त्याने घरातली खुर्चीसुद्धा हलवायची नाही. त्याने जरा तोंड वाकडं केलं, पण सही केली.

कंपनीच्या अर्जात वारसाचा रकाना होता. मुलंबाळं किती, असं त्याने विचारलं. एक मुलगी, बाई म्हणाल्या, पण सहा वर्षं बोललेली नाही, आणि त्यात चूक तिची नाही. धाकटी खिडकीबाहेर बघू लागली. सल्लागाराने तो रकाना मागाहून भरू म्हणून सोडून दिला.

बँकेत जास्त वेळ गेला. कंपनीचं खातं उघडण्याआधी तिथल्या अधिकाऱ्याला खात्री हवी होती, की बाई खरोखरच कपड्यांच्या धंद्यातल्या आहेत. कारखान्याची कागदपत्रं त्याने उलटसुलट करून पाहिली. शेवटी बाईच म्हणाल्या, की साहेबांच्या शर्टाची कॉलर डावीकडे उचलली जाते, कारण आतलं कापड आडवं कापलंय, आणि शिंप्याने मुद्दाम केलं नसेल, त्याला घाई असेल. अधिकाऱ्याने कॉलर चाचपली आणि शिक्का उचलला.

मग घर लावणं आलं. दोन पलंग ठेवले तर पाहुणे जास्त मिळतील, असं सल्लागाराचं म्हणणं. बाईंनी एकच पलंग ठेवला आणि खिडकीपाशी ऐसपैस टेबल टाकलं, वर चांगला दिवा. पडदे दुकानातून तयार आणले. जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईने तयार पडदे आणावेत याचं धाकटीला नवल वाटलं. बाई म्हणाल्या, की आता हौस राहिली नाही.

एकाच गोष्टीवर सल्लागार अडून बसला. जाहिरातीत मालकिणीचा हसरा फोटो आणि नाव हवं. चेहरा दिसला की लोक विश्वासाने येतात.

"फोटो नको, नावही नको," बाई म्हणाल्या. "माझं नाव दिसलं तर गिऱ्हाईक यायचं नाही."

त्याला वाईट वाटलं. इथे परक्या नावाला कोणी नाक मुरडत नाही, असं तो परोपरीने सांगत राहिला. बाई हसून ऐकत होत्या. फोटो काही त्यांनी दिला नाही.

घर पहिल्या महिन्यापासूनच भरलं. रुग्णांचे नातेवाईक येत, तपासणीला आलेली म्हातारी जोडपी येत, एकदा एक मूत्रपिंडाचे डॉक्टर आठवडाभर राहून गेले. गावी बसून बाई फोनवर सगळं बघत. चादरी कधी बदलल्या, गिझर कोण दुरुस्त करून गेला, सगळं त्यांच्या वहीत असे. धाकटीनेही डोकं फिरल्याची भाषा सोडली, आणि आपणही एखादी खोली घ्यावी का, म्हणून विचारू लागली.

अकरा महिने झाले. एका दुपारी धाकटी आलेली असताना फोन वाजला. नव्या पाहुण्याचा फॉर्म आला होता. बाईंनी तो एकदा पाहिला आणि फोन बहिणीच्या हातात दिला.

धाकटीने वाचलं. पंधरा दिवस, माणूस एक, इस्पितळाच्या नर्सिंग कॉलेजात शिकवण्यासाठी. मग फॉर्म वर सरकवून तिने नाव वाचलं आणि चष्मा काढला.

"ती दर सहा महिन्यांनी तिथे जाते, कसल्याशा कोंदट लॉजवर उतरते, हे मीच सांगितलं होतं तुला," ती सावकाश म्हणाली.

"हो."

"घर कुणाचं आहे, ठाऊक आहे तिला?"

"कंपनीचं."

धाकटीने चष्मा पुन्हा लावला. फॉर्म अजून संपला नव्हता. अडचणीच्या वेळी कुणाला कळवावं, असा शेवटचा रकाना होता. त्यात नातं लिहिलं होतं, आई, आणि पुढे फोन नंबर होता. धाकटी एकेक आकडा मोठ्याने वाचू लागली. पाचव्या आकड्यापुढचे सगळे बाईंनी न बघता म्हटले.