गुरुवारचं पाणी

ते २००७ साल. अम्मानजवळच्या जर्का शहराच्या त्या गल्लीत पाणी फक्त गुरुवारी यायचं, सकाळी येऊन तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या नमाजला जायचं. त्या गुरुवारी सगळ्यांच्या गच्चीवरच्या टाक्या भरत होत्या आणि हाज्जा फद्दाची टाकी कोरडी होती. घरात म्हातारी, तिची सून आणि बारा दिवसांचं बाळ. मुलगा कुवेतला.

कोपऱ्यावर दुकान असलेला प्लंबर अबू गाजी सकाळीच येऊन गेला होता. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याने रीतीप्रमाणे विचारलं, "घरात पुरुष कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर त्याने आत पाऊल टाकलं नाही. दाराशेजारच्या पाईपला कान लावला आणि निदान केलं, की भिंतीतली लाईन चोंदली आहे, भिंत फोडावी लागेल, ईदला मुलगा आला की बघू. ईदला दोन महिने होते.

मग हाज्जाने रुवैदाला बोलावलं.

रुवैदा विधवा होती, थोरल्या दिराच्या, अबू तलालच्या, खालच्या दोन खोल्यांत राहायची. अम्मानला बायकांसाठी नळकामाचा वर्ग निघाला आणि ती शिकायला गेली, तेव्हा दिराने नाही म्हटलं नव्हतं. बायकांच्या मोरीत बायकांनी काय करायचं ते करावं, भिंतीआड. एकच अट घातली होती. माझ्या घरात राहायचं असेल तर लोकांच्या गच्चीवर दिसता कामा नये.

तिने स्वयंपाकघरातला जोड सोडला. पाणी असं उसळलं की सून बाळाला घेऊन मागे सरली. लाईन ठणठणीत होती. दुखणं वर होतं, टाकीवर.

रुवैदा जरा वेळ पाना हातात धरून बसली. हाज्जाने बाळाच्या लंगोटांनी भरलेली बादली पायाने तिच्या नजरेआड सरकवली.

"शिडी कुठे आहे?" रुवैदाने विचारलं.

ऑगस्टातलं ऊन. टाकीचा पत्रा इतका तापलेला की तिने हाताला डोक्यावरच्या रुमालाचं टोक गुंडाळलं. टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉलकॉक तिने खोलून काढला. आत क्षार साचून दगड झाला होता. खालून अबू गाजीच्या दुकानातली माणसं रस्त्यावर आली, वर बघत उभी राहिली. नवा बॉलकॉक त्याच्याकडे मागून उपयोग नव्हता, बाईमाणसाला सामान विकत नाही असं त्याने मागेच सांगितलं होतं.

"पाय जपून गं बाई," अबू गाजी ओरडला. "पडलीस तर उचलायला आम्हाला आत येता येणार नाही."

माणसं हसली. रुवैदाने वाकून हाज्जाकडे लोणच्याचा व्हिनेगर मागितला आणि गादी शिवायची सुई.

तेवढ्यात अबू तलाल आला. कोणीतरी जाऊन सांगितलंच होतं. तो गल्लीच्या मधोमध उभा राहिला. माणसं हसायची थांबली.

"रुवैदा, खाली ये."

व्हिनेगर फसफसत होता. ती सुईने पांढरे कपचे काढत राहिली.

"आत्ता उतरलीस तर घरात येशील. नाहीतर तुझं सामान दारात ठेवतो."

तिचा हात थांबला. त्या दोन खोल्यांत तिचा नवरा गेला होता. दुसरं घर तिला नव्हतं. तिने कॉक उजेडाला धरून भोकातून पाहिलं. पलीकडचं आभाळ दिसलं.

"ठेवा, भावोजी," ती म्हणाली. "लागतं तेवढं सामान मी वर घेऊन आलेय."

ती पुन्हा टाकीत वाकली. मशिदीतून अस्रची अजान सुरू झाली तेव्हा शेवटचा आटा बसत होता. क्षणभर काहीच झालं नाही. मग कोरड्या पत्र्यावर पाणी आदळलं, आणि तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. त्या दिवशी नळ अजानीनंतरही थोडा वेळ चालला. टाकी अर्धी भरली. अर्धी पुरते.

अबू तलालने शब्द पाळला. संध्याकाळी दारात एक गादी, एक पेटी आणि कॉफीचं भांडं होतं. हाज्जाने ते आपल्याकडे आणवलं. रुवैदा तिच्या माडीवरच्या खोलीत सहा वर्षं राहिली. हाज्जा गेली ती तिच्याच हातून पाणी पिऊन. तोवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हाज्जा टाकी दाखवायला वर घेऊन जायची, गुडघे दुखत असले तरी. बाळ आता मिशा फुटलेला मुलगा आहे. अबू गाजीच्या बायकोने पुढच्याच गुरुवारी रुवैदाला कामाचा निरोप धाडला होता, नवऱ्याला न सांगता. पुढे दुकान त्याच्या मुलीने घेतलं आणि रुवैदाला पाहिजे ते सामान मिळू लागलं. रुवैदाच्या हाताखाली आज चार बायका आहेत.

अबू तलाल अकरा वर्षं तिच्याशी बोलला नाही. मग एका उन्हाळ्यात, बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली असताना, त्याच्या न्हाणीतला नळ तुटला. गुरुवार होता. पाणी दारापर्यंत आलं.

निरोप मिळताच रुवैदा पिशवी घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली.

"घरात बाई कोण आहे?" तिने विचारलं.

तो स्वतःच खुर्ची उचलून बाहेर आला आणि उन्हात बसला. ती आत गेली. पाण्याचा आवाज थांबला, पण ती लगेच बाहेर आली नाही. घरातले सगळे नळ एकेक करून उघडून पाहत होती. गल्लीतून जाणारा येणारा सलाम करत होता, आणि म्हातारा प्रत्येकाला सलामाचं उत्तर देत होता.