गेटवरची पाटी

आमच्या कंपनीच्या गेटवर 'अपघाताविना दिवस' अशी पाटी आहे. तिच्यावरचा आकडा रोज सकाळी मी बदलते, मी नसले की वॉचमन. ठेकेदाराची माणसं त्यात धरायची नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

गावी वडिवळ्याला बाबांच्या मृत्यूनंतरचा जलदान विधी उरकून आज दहा दिवसांनी कामावर गेले, तर गेटवर पेढे वाटत होते. पर्यावरण आणि कामगार नीट सांभाळणाऱ्या कंपन्यांचा शेअर बाजारात एक निर्देशांक असतो म्हणे. त्यात आमच्या कंपनीचा नंबर लागला होता.

"पायल, तुझ्या पाटीचेपण मार्क मिळालेत बरं का," म्हणत साहेबांनी स्वतः माझ्या हातावर पेढा ठेवला.



ठेकेदाराच्या कामावर असताना बाबा आमच्याच आवारातल्या ज्या शेडवरून पडले, तिकडं पाठ करून मी ३६४ चा आकडा काढला, ३६५ चा लावला आणि पेढा खाल्ला.