भोगीचं ताट

भोगीच्या दिवशी साडेअकराला अनुसूयाबाईंनी सुनेपुढं ताट आदळलं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि वाडगाभर भोगीची भाजी. ओला हरभरा, वाल, गाजर, शेंगदाणे, सालीसकट बोरं, उसाचे तुकडे. साधनाला चालत नव्हतं ते सगळं त्यात होतं.

सहा महिन्यांपूर्वी तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं होतं आणि त्यावर पिशवी चिकटवलेली होती. खाल्लेलं त्या पिशवीत उतरायचं, तिच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, साल, बी, चोथा पोटात जाऊ द्यायचा नाही, आतड्याच्या तोंडाशी अडकून बसतो. दुधी घोटून, गाजर गाळून, सफरचंद सोलून उकडून खायचं. तीस तारखेला आतडं परत आत जोडणार होते. सतरा दिवस सांभाळायचे होते, एवढंच.

अनुसूयाबाईंना हे सगळे सुनेचे नखरे वाटायचे. घराला एक पातेलं आणि हिला वेगळं. साधना जवळून गेली की त्यांचा पदर नाकाला जायचा, वास असो की नसो. त्या पिशवीकडं त्यांनी सहा महिन्यांत एकदाही धड पाहिलं नव्हतं.

आज शेजारच्या जमनाबाई जेवायला होत्या, त्यामुळं जिभेला जास्तच धार आली होती. सणासुदीलाही आमच्या सूनबाई लेकरावानी घोटलेलं खातात, असं सांगून झालं. भागवतचं, म्हणजे लेकाचं, कसं नशीब फुटलं तेही सांगून झालं. भागवत कामानं वसमतला गेला होता, नाहीतर तोही मान खाली घालून ऐकत बसला असता.

"न खाई भोगी, तो सदा रोगी," अनुसूयाबाई म्हणाल्या. "हिला बरंच व्हायचं न्हाई, जमना. बसून पिशवी भरायची, दुसरं काम काय हाय हिला?"

जमनाबाई हसल्या. फार नाही, तोंडात घास होता तेवढंच. पण तेवढं पुरलं.

साधनानं ताट पुढं ओढलं. खरं तर भोगीच्या भाजीवर तिचा जीव होता, पण ती भुकेनं नाही, रागानं जेवली. बोरं सालीसकट चावली, हरभरा तसाच गिळला, उसाचा चोथासुद्धा थुंकला नाही. सासूच्या तोंडाकडं बघत तिनं वाडगा बोटानं पुसून घेतला. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे तिला कळत होतं.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

अडीचला पहिली कळ आली. चारपर्यंत पोट तट्ट फुगलं, पिशवी मात्र कोरडी. काचेसारख्या त्या पिशवीतून आतड्याचं तोंड सुजून जांभळं पडलेलं दिसत होतं. जमनाबाईंना घरचं काम आठवलं होतं. भागवतला फोन लागला, तो गाडी घेऊन निघाला, पण कुरुंद्याला घरी पोचून पुढं नांदेड गाठायचं म्हणजे वेळ लागणारच. दवाखान्यातल्या सिस्टरनं फोनवर सांगितलं, गुडघे पोटाशी घेऊन पडा, कुणाकडून तरी पोट चोळून घ्या, लगेच निघा. सुटलं नाही तर पोट पुन्हा उघडावं लागेल. मग कसली तीस तारीख.

"चोळा," साधना म्हणाली.

अनुसूयाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. आपल्याला ते जमायचं नाही म्हणाल्या.

"वाढलं तुमीच न्हवं? मंग चोळा बी तुमीच."

त्या आल्या. तापल्या तव्याला लावावीत तशी बोटं लावली. मग तळवा टेकवला. आणि चोळता चोळताच भांडू लागल्या. मी म्हणाले आणि तू खाल्लंस, एवढी कुठली आज्ञाधारक तू, एरवी तर ऐकत नाहीस. साधनानं दातओठ खात ऐकून घेतलं. कळ आली की ती सासूचं मनगट नखं रुतेपर्यंत धरायची, आणि अनुसूयाबाई दुसऱ्या हातानं चोळत राहायच्या.

हळूहळू भांडण बंद पडलं. अनुसूयाबाई भ्यायल्या होत्या. दर दोन मिनिटांनी त्या विचारत होत्या, "आलं का?" आणि साधना नाही म्हणून मान हलवत होती. मग त्यांनी जे केलं ते सहा महिन्यांत कधी केलं नव्हतं. त्या वाकल्या, नाक पिशवीपाशी नेलं आणि वास घेतला.

"न्हाई येत," त्या म्हणाल्या.

भागवतची गाडी दारात थांबली तेव्हा साधनाच्या पोटात गुरगुरलं. पुन्हा एकदा गुरगुरलं, आणि आतलं सगळं एकदम सुटलं. पिशवी भरली, फुगली, तिची एक कड निघाली. बोराच्या साली, हरभऱ्याची टरफलं, सगळं कडेनं बाहेर आलं. खोलीभर वास सुटला. दारात आलेला भागवत दोन पावलं मागं सरला.

साधना डोळे मिटून पडली होती. घामानं तिचं कपाळ भिजलं होतं.

"पदर लावा नाकाला, आत्याबाई," ती म्हणाली.

अनुसूयाबाईंनी निघालेली कड दोन्ही हातांनी दाबून धरली होती. पदर खांद्यावरून घसरून खाली लोळत होता.