दोन्ही शेपूच

"दोन्ही शेपूच" असं लिहिलेली तिसरी चिठ्ठी आली, तेव्हा बाईंनी ती चुरगळून टोपलीकडे भिरकावली. मेली टोपलीतही पडली नाही.

तीन दिवसांत तीन वेळा तोच निकाल! दोन वर्षं राबून बाईंनी रेणूंची एक जोडी बनवली होती. अणू तेच, तेवढेच, जोडणीही तीच. फक्त एक रेणू म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसत नाही, तसंच नाकातही व्हायला हवं होतं. डाव्या रेणूला शेपूचा वास, उजव्याला पुदिन्याचा. उद्याच्या बैठकीत हा फरक सिद्ध झाला नाही, तर काम बंद आणि दोन वर्षं पाण्यात.

आणि फरक ठरवणार कोण? खालच्या मजल्यावरचे नाककाका. तीस वर्षं वास घेऊन निकाल देणारे, निवृत्तीला सहा महिने उरलेले. बनवणाऱ्याने स्वतः वास घ्यायचा नाही, हा प्रयोगशाळेचा कडक नियम. आपल्या पोराचं नाक प्रत्येकाला चाफेकळीच दिसतं ना!

सोमवारी बाईंनी तिन्ही बाटल्या, रेणू प्रकाश कुठल्या बाजूला वळवतो ते दाखवणाऱ्या यंत्रावर तपासल्या होत्या. उजव्या रेणूची एक, डाव्याच्या दोन. एकीने प्रकाश उजवीकडे वळवला, दोघींनी डावीकडे. चोख काम. बाटल्या दिसायला सारख्याच, म्हणून खूण झाकणावर: उजव्याला लाल, डाव्याला निळं. तपासणीच्या गडबडीत एक निळं झाकण घरंगळून कुठेतरी गेलं. बाईंनी झाकणं परत बसवली, डाव्याची जादा म्हणून उरलेल्या बाटलीला कापसाचा बोळा लावून ती मागच्या कपाटात टाकली आणि लाल-निळ्यातून नमुने भरून खाली पाठवले.

घरीही काही वेगळं नव्हतं. ज्याची त्याची कुरकुर. नवरा म्हणे, अत्तर जरा कमी लाव. आज सकाळी मुलीने दुधाचा पेला नाक मुरडून बाजूला सारला. "नखरे नकोत!" असं ओरडून बाई उरलेल्या दुधाचा चहा थर्मासमध्ये भरून निघाल्या होत्या.

शेवटी त्यांनी काकांनाच वर बोलावलं.

काका दारात थबकले. मग न विचारता आत येऊन त्यांनी खिडकी सताड उघडली. टेबलावरचे कागद खोलीभर उडाले.

"अहो काका, कागद!"

"राहू द्या बाई, जरा हवा येऊ द्या."

बाईंनी दात-ओठ खात कागद गोळा केले, दोन कप चहा ओतला आणि आपला दोन घोटांत संपवला. काका कप हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनीही मुकाट्याने संपवला.

"बाई, मागच्या महिन्यातल्या साथीत तुम्हालाही ताप आला होता ना?"

"अर्ध्या प्रयोगशाळेला आला होता. तुम्हालाही आला होता. विषय बदलू नका. यंत्र म्हणतंय, फरक आहे."

"यंत्र बरोबरच असेल."

"मग तुम्ही चुकलात?"

"मीही बरोबर आहे." काका अवघडून उठले. "बाई, राग मानू नका, पण एकदा डॉक्टरांना दाखवून या."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "माझं डोकं ठिकाणावर आहे, काका!"

"डोक्याचं नाही म्हणत मी..."

बाईंनी दाराकडे बोट केलं. काका निमूट खाली गेले.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "अगं, तो चहा ओतून दे. दूध बुडाला लागलं होतं, घरभर करपट वास सुटलाय. पोरीने उगीच नाक मुरडलं नव्हतं."

बाईंनी काकांच्या कपाकडे पाहिलं. तळापर्यंत रिकामा. असला करपट चहा, आणि काका हूं की चूं न करता प्यायले! आता कुठे लख्ख प्रकाश पडला. तापाने नाक गेलंय त्यांचं. उरलेले सहा महिने ढकलायला 'दोन्ही शेपूच' लिहून मोकळे होताहेत. बाईंना क्षणभर वाईट वाटलं. पण दोन वर्षांच्या मेहनतीपुढे ते वाईट वाटणं फार टिकलं नाही. काकांना वास येत नाही, त्यांचे निकाल रद्द करून त्यांना आजच्या आज कामावरून दूर करावं, असं त्यांनी साहेबांना लिहून पाठवलं.

पंधरा मिनिटांत साहेब स्वतः आले. हातात बाईंचं पत्र, नाकाला रुमाल.

"बाई, काय सांडलंय इथे? पार जिन्यापर्यंत पुदिना घमघमतोय!"

ते नाकाच्या मागोमाग कपाटापर्यंत गेले आणि बोळ्याची बाटली बाहेर काढून त्यांनी बाईंपुढे धरली. "ही अशी उघडी ठेवतात का?"

बाईंनी बोळा काढला. नियम विसरून बाटली नाकाशी नेली आणि छाती भरून श्वास घेतला. मग आणखी एकदा. साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले.

बाईंची नजर टेबलावर गेली. तिथे दोन कप होते. दोन्ही रिकामे.