बारा हजार माश्या

खऱ्या मधमाश्या नाहीशा होऊन अकरा वर्षं झाली होती. शिवारातली सूर्यफुलं आता यांत्रिक माश्यांच्या भरवशावर होती आणि परवाच्या विजेच्या कडकडाटानं त्या बाराही हजार माश्या झोपी गेल्या होत्या. फुलांचा बहर आणखी चारच दिवस टिकणार होता.

सुनंदा बिराजदार सकाळपासून संगणकावर एकेका माशीचा क्रमांक टाकून तिला उठवत होती. दुपारपर्यंत दोनशे बारा झाल्या. तेवढ्यात गावच्या संगणक केंद्रातली तहसीन आली.

"काकू, अशानं महिना लागेल. लूप लिहा. यादीतल्या प्रत्येक माशीला हाच हुकूम द्यायचा, एवढंच संगणकाला सांगायचं."

"आणि चुकलं तर?"

"आधी नुसते क्रमांक पडद्यावर छापून बघा. कुणी उठणार नाही."

सुनंदानं चाचरत तीन ओळी लिहिल्या. पडद्यावरून क्रमांक झरझर धावले, शेवटचा आला आणि सगळं आपोआप थांबलं. मग तिनं छापण्याच्या जागी उठवण्याचा हुकूम घातला आणि बटण दाबलं.

बाहेर गुणगुण सुरू झाली. ती वाढत गेली आणि खिडकीची तावदानं थरथरू लागली. सुनंदा धावत बांधावर गेली. सबंध शिवारावर सोनेरी धुकं उठलं होतं आणि फुलाफुलावर उतरत होतं. खुरपणाऱ्या बाया उभ्या राहून बघत होत्या. तहसीनही मागोमाग आली.

"तहसीन," सुनंदा हळूच म्हणाली, "उद्या त्या तीन ओळी माझ्याकडून न बघता लिहून घे."